शिळ्या पाण्यावरची बाग

दौलताबादचा घाट निम्मा चढून झाला तेव्हा माझे पाय बोलायला लागले होते. श्रावणातला शनिवार. पहाटे घर सोडून आम्ही दोघी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी चाललो होतो. वळणावर कुण्या मंडळानं मांडव टाकून पाणी ठेवलं होतं. मनकर्णाबाईंनी अर्धा पेला पिला आणि उरलेलं पाणी रस्त्याकडेच्या लिंबाच्या बुडाशी ओतलं.

"मावशी, गोड नाय लागलं का?" पाणी वाटणाऱ्यानं विचारलं.

"लागलं की. त्याला बी लागू दे," म्हणत त्या पुढं निघाल्या.

नवस त्यांचा होता. झाडांनी उन्हाळा काढला तर चालत येईन, असं त्या मारुतीला बोलल्या होत्या. मी सोबतीला. पण त्या झाडांचा अभिमान मलाही काही कमी नाही.

मनकर्णाबाई कन्नड तालुक्यातल्या. त्यांचे मालक काकासाहेब वाळूजला कंपनीत कामाला होते आणि बाई घरी कामगारांचे डबे करायच्या. गारखेड्यात आमची घरं शेजारी, आणि दोघींच्या दारासमोर कॉलनीचं खेळाचं मैदान. नावालाच खेळाचं. एका कोपऱ्यात पोरं क्रिकेट खेळायची, बाकी सगळीकडं टेंपो, बांधकामाचा राडारोडा आणि लग्नातल्या पत्रावळ्या. गेल्या वर्षी कॉलनीचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी ठरवलं, पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि जागा कार्यांना भाड्यानं द्यायची. बैठकीत मनकर्णाबाई उठल्या. "पोरांचा कोपरा पोरांना ठेवा. बाकीच्यात झाडं लावू. आपल्याकडची. लिंब, करंज, उंबर, बोर. पाखरं येतील, म्हाताऱ्यांना सावली होईल."

तात्यासाहेब हसले. "बाई, बोअर आटलेला. प्यायला आठवड्यातनं एकदा नळ. झाडांना काय देता, आशीर्वाद? एक उन्हाळा जगवून दाखवा, मग ब्लॉक रद्द."

"व्हय, दाखवते," त्या म्हणाल्या. त्याच पावसाळ्यात मैदानात रोपं लागली.

आमच्या शहरात ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी घरोघरी एकच गडबड असते. ड्रममधलं जुनं पाणी शिळं म्हणून नालीत ओतायचं आणि ड्रम घासून ताजं भरायचं. माझ्या सासूबाईही तेच करायच्या. मनकर्णाबाईंनी नेमकं तेच पाणी धरलं. दर गल्लीचा नळाचा वार वेगळा, त्यावरून आमची कायम भांडणं. आता त्या ज्या गल्लीचा वार तिथं दारोदार जाऊन सांगायच्या, "नालीत ओतू नका गं, मैदानात आणा." त्यामुळं रोपांना जवळजवळ रोज कुणाचं ना कुणाचं पाणी मिळायला लागलं.

आमच्या भजनी मंडळातल्या आशाबाई अडून बसल्या. "उंबर म्हणजे दत्ताचं ठिकाण. त्याला शिळं पाणी? पाप लागंल!"

"काल सांच्याला तेच पाणी पिलात ना? तुमच्या पोटात गेलं तवा ताजं, आन् त्याच्या बुडाशी गेलं की शिळं व्हय?"

आशाबाईंनी कळशी उचलली. तेव्हापासून मीही देवांच्या अंघोळीचं पाणी तुळशीला थोडं घालून बाकीचं उंबराला नेते. देवाला ते आवडत असणार, असं मला वाटतं.

मे महिन्यात मात्र परीक्षा झाली. मोठी पाइपलाइन फुटली आणि नळ लांबला. शिळं पाणी कुणी कशाला सोडेल? ड्रमवर झाकणं, झाकणांवर दगड. करंजाची पानं गळून पडली. तात्यासाहेब ब्लॉकवाल्याला घेऊन मैदान मोजून गेले. त्या संध्याकाळी मनकर्णाबाईंनी घरातला कूलर बंद केला, त्याची टाकी बादलीनं उपसली आणि भरलेली बादली कमरेवर घेऊन निघाल्या. काकासाहेब गच्चीवर गादी टाकता टाकता सगळ्या गल्लीला ऐकवत होते, "बघा, झाडांपायी बायकोनं घराबाहेर काढलं!"

"झाडं मोठी झाली की त्यांच्याखाली झोपा," खालून उत्तर गेलं.

लोक हसले. पण दुसऱ्या दिवशी आमचा कूलर बंद झाला, मग आशाबाईंचा. नळ येईपर्यंत आमच्या गल्लीनं गच्चीवर रात्री काढल्या.

दोन पळस गेले. एक बोर गेली. बाकी सगळी जगली. मृगानंतर करंजाला पोपटी पालवी फुटली, तात्यासाहेब येऊन प्रत्येक झाडाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "ब्लॉकवाल्याला नको म्हणून सांगितलं, बाई." आता तिथं मातीची पायवाट आहे, पाखरांसाठी उथळ खड्ड्यात पाणी असतं, सातभाई सकाळपासून कलकल करतात. बाहेरगावचा पाहुणा आला की मी त्याला आधी तिथं नेते, चहा नंतर.

घाटमाथा आला. मी म्हटलं, "मनकर्णाबाई, आता तर सुखच आहे. नवी पाइपलाइन झाली की नळ रोज येणार म्हणतात. ड्रम भंगारात देते, ओटा मोकळा होईल."

त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. "ताई, म्या याचाच घोर लावून घेतलाय. नळ रोज आला की शिळं पाणी कुठलं? ताजं कोण घालतंय झाडाला? बायका मैदानात उतरायच्या न्हाईत. झाडं अजून लहानी हायेत."

"मग?"

"तुमचा ड्रम देऊ नका. नळ रोज आला तरी भरून ठेवा, आन् आठ दिवसांनी सगळ्यांच्या देखत मैदानात न्या. तुमचं बघून भजनी मंडळाच्या बायका ठेवतील. माझं किती दिवस ऐकतील त्या? एवढं करा, ताई."