आधी माझं बोट

"गावभरच्या पोरांची बोटं टोचतेस ना? मग ती टोच. माझ्या मागे कशाला लागलीस?" रोदिओनने बशी पुढे ढकलली.

आई म्हणाली, मागे लागले नाही, नुसतं विचारतेय. त्यावर बाबा म्हणाले, बारा दिवस ही जेवताना नुसतं विचारतेय आणि बारा दिवस आपण गार सूप पितोय.

माझा हा धाकटा भाऊ फेब्रुवारीत घरी परतला. त्याआधीची चार वर्षं त्याने सुईच्या नशेत घालवली होती. ती सुटली, पण एचआयव्हीची तपासणी काही त्याने केली नाही. आणि येत्या शुक्रवारी तो बांधकामाच्या कामावर फिनलंडला निघाला होता. लागण असेल तर गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक.

कारण आईचं कामच ते. खाणीच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून, अकरा वर्षं, बाजारामागे उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीत ती बसते. नशा करणारी पोरं वापरलेल्या सुया तिथे टाकतात, नव्या नेतात आणि तिला नेल्ली मावशी म्हणतात. तपासणीला घाबरणाऱ्याला ती उपदेश करत नाही. "आधी माझं बोट," म्हणते आणि स्वतःला टोचून घेते. मग दोघांच्या तपासणीच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून निकाल दिसेपर्यंत पंधरा मिनिटं गप्पा. तुझी आई कशी आहे, दाढ दुखायची थांबली का, असलं काहीतरी. तिच्या डाव्या हाताची बोटं आता इतकी निबर झालीत की उकळत्या पातेल्याचं झाकण ती फडक्याशिवाय उचलते.

एकदा स्लावा नावाचा एक जण निकाल ऐकून पळाला. आई सहा दिवस त्याच्या इमारतीच्या जिन्यात जाऊन बसली, विणकाम घेऊन. सातव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, चला मावशी, कुठे मिळतात त्या गोळ्या. आज तीच गाडी तो चालवतो.

"स्लावाला जमलं," आई म्हणाली.

"स्लावाची तू आई नाहीस," रोदिओन खाली बघत म्हणाला. "पट्टीकडे बघायच्या आधी मी तुझ्या तोंडाकडे बघेन. तेच मला नको."

 आईने पातेल्याचं झाकण उचललं, सूप ढवळलं, झाकण ठेवलं.

"गुरुवारी चार वाजता आपण चौघं गाडीवर जाणार आहोत," ती म्हणाली. "टोचणार माझ्याबरोबर काम करणारी उल्याना. निकाल ज्याचा त्याला, वेगळा बोलावून. मी बाहेर बाकावर, तुमच्यासारखीच. आधी माझं बोट, मग बाबांचं, मग तुझ्या ताईचं. रोद्या, तुझं तू ठरव, पण ती पंधरा मिनिटं आमच्याजवळ बस. जेवण घरी परत आल्यावर होईल."