दोन्ही नळ्या सारख्याच तापल्या होत्या

चाकणच्या कांदा बाजारात मी एका आडत्याकडे कारकून होतो, आणि त्याच आडत्याविरुद्ध लिहिलेली पत्रकं मी त्याच्याच मोटारीत लपवली होती. या गोष्टीचा मला एक रात्रभर फार अभिमान वाटला.

वडील खडकीला कामाला होते. ते घरी पुस्तकं आणत नसत, सभांतून वाटलेली पत्रकं आणत. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकलो. जगातला कुठलाही अन्याय कागदाच्या दोन बाजूंत मावतो आणि लोकांनी तो वाचला की मिटतो, असं मला विसाव्या वर्षीही वाटत असे. माझं पत्रक कांद्याच्या पोत्यांच्या थप्पीबद्दल होतं. हंगामात जागा कमी पडली की शेठ तेरा-तेरा थर लावायला सांगत. वरचं पोतं चढवताना हमालाच्या पायाखालची फळी थरथरत असे. आठाच्या वर थर नको, एवढीच मागणी होती. भाषा मात्र मी अशी वापरली होती, की वाचणाऱ्याला वाटावं उद्या राज्यच उलथणार आहे.

चिंचवडच्या एका लहान छापखान्यात पाचशे प्रती छापायला दिल्या होत्या. योगायोगानं त्या मिळायच्या दिवशीच शेठनी मला मोटारीतून चिंचवडला रिकामी पोती आणायला पाठवलं. मोटार महायुद्धाच्या आधीची, दोन मालक पाहून आलेली. चालवणारे चाचा चाकणचेच. सगळा बाजार त्यांना चाचाच म्हणे. गाडी चालवणं आणि दुरुस्त करणं ही त्यांच्या लेखी वेगळी कामं नव्हतीच. ते चहाला गेले तेव्हा मी बॉनेट उचललं. पुढची जाळी आणि तिच्यामागचा पाण्याचा रेडिएटर यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती. काळ्या तेलकागदात बांधलेले गठ्ठे मी एकावर एक तिच्यात सरकवले. खालून पाऊण उंचीपर्यंत फट भरली. काळ्यावर काळं, बाहेरून काही दिसत नव्हतं. परत येताना संध्याकाळ होती, गार वारा होता, गाडीत रिकामी पोती. तरी चाचा एकदा म्हणाले, "आज जरा गरम बोलतीय ही." मी त्यांच्याशी दुसरंच काहीतरी बोलू लागलो.

सकाळी बाजार भरायच्या आधी गठ्ठे काढून घ्यायचे असं ठरवलं होतं. पण शेठ नेमके गाडीला टेकून उभे होते. आणि नऊ वाजायच्या सुमाराला थप्पी कोसळली.

आवाज मोठा नव्हता. धप्प धप्प असा, कुणी घाई न करता पोती उतरवावीत तसा. मग एक हमाल ओरडला आणि सगळे धावले. खाली सापडलेला हमाल बीडकडून आलेला होता, बायकोसह. ती तिथेच कांदा निवडायला बसायची. त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर चेंगरला होता आणि हाड बाहेर दिसत होतं. दुसऱ्या हमालानं आपलं मुंडासं सोडलं आणि त्याच्या मांडीला करकचून आवळलं. शेठ म्हणाले, "गाडी काढा. पुण्याला न्या, थेट मोठ्या दवाखान्यात." एका क्षणाचाही विचार त्यांनी केला नाही. मला ते आवडलं नाही, हे आज कबूल करतो. माझ्या पत्रकातला शेठ असा वागत नव्हता.

मागच्या सीटवर त्याला आडवं ठेवलं. डोकं बायकोच्या मांडीवर. मी पुढे चाचांच्या शेजारी बसलो, कारण दवाखान्यात कागदावर लिहायला कुणीतरी हवं होतं. गठ्ठ्यांची आठवण होती. शेठ दारात उभे होते. परत आल्यावर काढू, असं मी मनाशी म्हटलं.

कुरुळी मागे पडली तेव्हा इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या समोरच्या घड्याळाचा काटा तांबड्या रेघेला टेकला होता.

"ही काय नवीन तऱ्हा," चाचा म्हणाले आणि गाडी हळू केली. काटा उतरला नाही. रेडिएटरच्या टोपणाच्या कडेनं वाफ निघू लागली, तशी त्यांनी गाडी एका बाभळीखाली घेतली.

मागून त्याची बायको म्हणाली, "का थांबलो, चाचा?"

"दोन मिन्टं, बाई. पाणी पाजतो घोडीला."

त्यांनी बॉनेट उचललं. मी धावत जाऊन बॉनेट धरायला उभा राहिलो, त्यांच्या नजरेच्या आणि त्या फटीच्या मध्ये. "वकीलसाहेब," चाचा मला चिडवायला वकीलच म्हणत, "जरा बाजूला व्हा, इंजिन बघू द्या, तुमचं तोंड न्हाई." मी इंचभर सरकलो. त्यांनी ओलं गोणपाट टोपणावर टाकून ते फिरवलं. वाफेचा लोट निघाला. वाफ बसेपर्यंत ते थांबले. मग इंजिन चालू ठेवून डब्यातलं पाणी थोडं थोडं ओतलं. एकदम ओतलं तर तापलेलं लोखंड तडकतं, असं पुटपुटत. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. ताठ होता. नळ्या चाचपल्या, कुठे गळती नव्हती. "पाणीच कमी झालं आसंल," ते म्हणाले आणि बॉनेट खाली केलं.

मागे एक माणूस मरणाच्या वाटेवर होता आणि मला माझी पत्रकं सापडली नाहीत म्हणून बरं वाटलं होतं.

इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशीच्या चढाला लागलो आणि काटा पुन्हा चढला. या वेळी हळूहळू नाही, सरसर. मागचं कण्हणं थांबलं होतं. मी वळून पाहिलं. त्याचे डोळे अर्धवट उघडे, ओठ पांढरे. ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल असं वाटलं. ती त्याचे श्वास मोजत होती.

"चाचा, थांबू नका," ती म्हणाली.

"थांबलो न्हाई तर ही कायमची थांबंल, बाई. इंजिन धरलं की मग बैलगाडीनं जावं लागंल."

चढाच्या मध्यावर गाडी उभी राहिली. ऊन डोक्यावर येऊ लागलं होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. चाचा आता विनोद करत नव्हते. तेलाची काडी काढून त्यांनी बोटावर तेल घासलं. "पांढरं न्हाई. म्हंजे पाणी तेलात न्हाई गेलं. इंजिनाचं डोकं शाबूत हाय." मग त्यांनी फडक्यात गुंडाळून एक हात रेडिएटरच्या वरच्या नळीवर ठेवला आणि दुसरा खालच्या नळीवर. बराच वेळ तसेच उभे राहिले, डॉक्टर नाडी बघतो तसे.

"दोन्ही सारख्याच तापल्यात," ते म्हणाले. "वरची तापणारच. खालची कोमट पायजे. पाणी फिरतंय, म्हंजे पंप चालतोय. पण निवत न्हाई. का निवत न्हाई? कागद हाय का तुमच्याकडं?"

मी खिसा चाचपला. खिशात पत्रकाची एक प्रत होती. तिच्याशेजारी वजनाच्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. मी एक चिठ्ठी दिली. चाचांनी ती चालत्या इंजिनासमोर, जाळीपाशी धरली आणि सोडली. ती खाली पडली.

"पंखा आतनं वारा ओढतो. कागद जाळीला चिकटून बसायला पायजे," ते म्हणाले. "वाराच येत न्हाई. पंखा दांड्यावर घसरत आसंल. सोडवावा लागंल. मागची पाना-पेटी काढा."

मला कळलं. मोटारीतलं मला काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं. पुढून वारा येतो, त्यानं पाणी निवतं, आणि त्या वाऱ्याच्या वाटेत मी पाचशे कागद कोंबले होते.

आणि तरी मी पाना-पेटी काढायला गेलो.

माझ्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते मला शब्द न शब्द आठवतं, कारण ती माझ्याच पत्रकांची भाषा होती. गुपित एकट्याचं नाही. छापणारा गोत्यात येईल. हमालांची एकजूट फुटेल. एका माणसासाठी सर्वांचं नुकसान करायचा मला अधिकार नाही. सगळी वाक्यं घोटीव होती आणि सगळी भित्री होती. नोकरी जाईल, घरी तोंड दाखवता येणार नाही, शेठ बाजारात चारचौघांत माझ्या तोंडावर ते कागद फेकतील, ही मला भीती होती. बाकी सगळी तिच्यावर घातलेली झूल.

पाने काढून आणले. चाचा इंजिन बंद करून पहिल्या बोल्टाशी झटू लागले. बोल्ट गंजला होता. त्यांनी तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा झटले. "किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"सुटला तर अर्धा तास. न्हाई सुटला तर अल्ला मालिक."

मागचं दार उघडून ती खाली उतरली. हात जोडून वगैरे नाही, साध्या आवाजात ती म्हणाली, "चाचा, पाय काळा पडतोय."

तेव्हा मी बोललो. "चाचा, पंखा ठीक आहे. जाळीमागे कागद आहेत. मी कोंबलेत."

चाचांनी पाना खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. वाकून फटीत हात घातला, तेलकागद बोटांना लागला, तसा त्यांनी पकडीनं पहिला गठ्ठा ओढला. तो फाटला आणि पत्रकं रस्त्यावर सांडली. कडा पिवळ्या पडल्या होत्या. दुसरा मी ओढला. हाताचं कातडं नळ्यांना चिकटलं आणि सुटलं. मला ते फार दुखलं नाही, किंवा दुखलेलं कळलं नाही. पाच मिनिटांत फट मोकळी झाली. चाचांनी इंजिन चालू करून दुसरी चिठ्ठी धरली. ती जाळीला फटकन चिकटली.

इंजिन निवेपर्यंत थांबणं भाग होतं. चाचांनी एक पत्रक उचललं, लांब धरलं, पुन्हा टाकलं. "लिवलंय काय ह्याच्यात, वकीलसाहेब?"

"आठ थरांच्या वर थप्पी नको."

"आज किती व्हती?"

"तेरा."

"हं," ते म्हणाले. "आन् हे काल सांगितलं आसतं, तर मी सीटखाली ठिवलं नसतं काय? शेठ काय सीटखाली बघतो?"

चाचांना विश्वासात घ्यावं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ते हमालांपैकी नव्हते, कारकुनांपैकी नव्हते. माझ्या पत्रकात त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

भोसरी गेली, कासारवाडी गेली. काटा मध्यावर स्थिर होता. मी त्याच्याकडे पाहत होतो, मागे वळायची हिंमत होत नव्हती. खडकीपाशी एकदा तो कण्हला. ते ऐकून मला रडू आलं.

दवाखान्यात त्याला आत घेतलं. थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टर बाहेर आला. मांडीच्या मुंडाशाकडे त्याचं लक्ष गेलं होतं. "हे आवळून किती वेळ झाला?"

चाचा पटकन म्हणाले, "तासभर, साहेब. चाकणवरनं थेट आलो." त्यांचीही नोकरी होती. गाडी वाटेत दोनदा उभी राहिली म्हटलं असतं, तर चालवणाऱ्यालाच विचारणा झाली असती.

डॉक्टर वळला. तासभर म्हणजे एक इलाज आणि जास्त म्हणजे दुसरा, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. "तासभर नाही," मी म्हणालो. "नऊच्या सुमाराला बांधलंय. आता पावणेअकरा."

"नक्की?"

"नक्की. गाडी तापली. माझ्यामुळे."

त्यानं पुढे काही विचारलं नाही, जवळजवळ पळतच आत गेला. चाचा भिंतीकडे तोंड करून बिडी शोधू लागले. ती बाकावर बसली होती. तिनं ऐकलं होतं.

"तुमच्यामुळं म्हंजे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. चिंचवडपासून मोशीच्या चढापर्यंत, पाने आणायला गेलो तेसुद्धा.

"तवा गप का ऱ्हायलात, भाऊ?"

"भ्यालो."

"कुणाला?"

"शेठला."

तिनं पदर सारखा केला आणि दाराकडे पाहत बसली. दोन वाजता डॉक्टर आला. माणूस जगेल, पण पाय मांडीपासून काढावा लागला, असं त्यानं सांगितलं. मला विचारायचं होतं ते मला विचारवेना. तिनंच विचारलं, "लवकर आणलं असतं तर ऱ्हायला असता का पाय?"

डॉक्टर म्हणाला, "हाडाचा चुराच झाला होता. सांगता येत नाही."

ती उठली. आत जायच्या आधी माझ्यासमोर थांबली. "जावा आता तुमी," ती म्हणाली. "ह्या चाचांना गाडी परत न्यायचीय. आन् शेठला तुमीच सांगा, त्यांच्यावर ढकलू नगा."

संध्याकाळी चाकणला पोचलो. शेठ पेढीवरच बसले होते. चाचा गाडी धुवायला गेले आणि मी पायऱ्या चढलो.