पुतळी धवलारणीचा हक्क
पेणच्या खाडीकाठी पुतळी धवलारणीला ओळखत नाही असा माणूस शोधून दाखवा! धवलारीण म्हणजे धवले गाऊन लग्न लावणारी बाई. आगरी माणसांची पुरोहितच म्हणा ना. मिठागरात सासूबरोबर मीठ ओढता ओढता पुतळी धवले शिकली. आता पंच्याहत्तरी आली, पण आवाज असा खणखणीत की कर्णेवाल्याने गुपचूप बटण बंद करावं.

नातीचं, अनिताचं लग्न तीच लावणार, हे अनिता रांगत होती तेव्हापासून ठरलेलं. नवरदेव धनेश रोह्याचा. हळद झोकात झाली. लग्नाच्या दिवशी मात्र धनेशचा थोरला भाऊ हरेश एका भटजींना गाडीत घालून मांडवात हजर!

"आजी, तुम्ही गाणी गा हवी तर. लग्न भटजी लावतील. धवलारणीनं लावलेलं लग्न कायद्यात बसत नाय."

पुतळीचं तोंड एवढंसं झालं. गाणी? देवांना नावानं बोलावून तिनं एवढे संसार मांडून दिले, ती नुसती गाणी? आणि खरंच बसत नसलं तर? एवढ्या पोरींना आपण फसवलं की काय? ती पाटावरून उठायला लागली.

तेवढ्यात वरमाय रंभा ताडकन उभी राहिली. हरेशची सख्खी आई, माहेर याच खाडीकाठचं.

"बस गो आये! हरेश, माझं लगीन हिनंच लावलंय. मी नि तुझा बापूस काय बिनलग्नाची नांदलो? नि मग तू कोण रे?"

मांडवात हशा पिकला. हरेशनं आशेनं भटजींकडे पाहिलं.

भटजी गालात हसले. "पूर्वी गावच्या जोशाचा, म्हणजे भटजीचा, हक्कच होता. लग्न कोणीही लावो, दक्षिणा आमच्या पणजोबांना पोचली पाहिजे, नाहीतर कोर्ट! तो हक्क गेला, बरंच झालं. आताचा कायदा म्हणतो, दोन्ही घरांपैकी कुणाच्याही रीतीनं लग्न लागतं. पुतळीबाई, लावा तुम्ही. मी अक्षता टाकायला थांबतो."

"आन् जेवायला पन थांबा," पुतळी म्हणाली. तिनं पदर खोचला नि ती पुन्हा पाटावर बसली. एवढं ताठ बसलेलं तिला अनितानंही कधी पाहिलं नव्हतं.

"हरेश, थोरला भाऊ ना तू नवऱ्याचा? ये, अंतरपाट धर."

हरेशनं मुकाट्यानं अंतरपाट धरला, आणि पुतळीनं धवला सुरू केला.