ड्रमशेजारचा बाक

यजमान गेल्यापासून माझ्याकडून प्रार्थना होत नव्हती. घरी डोळे मिटले की नुसता राग यायचा. जी थोडीफार व्हायची ती कल्याणच्या आमच्या चर्चमध्ये, ते जन्मभर वाजवत आले त्या पेटीवर जुनी गीतं सुरू झाली की. मग नवे पाळकसाहेब आले आणि पेटी अडगळीत गेली. तिच्या जागी ड्रम आला, भिंतीवर पडदा आला, हिंदी-इंग्रजी गाणी आली, तीही उभ्यानं. गुडघे आमचे, हौस त्यांची.

आम्ही नगरकडच्या बायका प्रार्थनेला डोक्यावर पदर घेतो. पूर्वी पाळक "प्रार्थना करू या" म्हणाले की पदर वर, आमेन झालं की खाली. आता गाणं कुठे संपतं आणि प्रार्थना कुठे सुरू होते, देवालाच ठाऊक. एका रविवारी मी भक्तिभावानं पदर घेतला, तर माइकवर वाढदिवसांच्या शुभेच्छा चालल्या होत्या. मागच्या पोरी खुदकन हसल्या. पुढचा रविवार शेवटचा, असं मी देवाला चिडून सांगून टाकलं.

त्या रविवारी पोचायला उशीर झाला. जागा उरली होती ती ड्रमला खेटलेल्या बाकावर. शेजारी माझ्याच वयाची एक अनोळखी बाई होती, पदर पहिल्यापासूनच डोक्यावर. ड्रम वाजू लागला तसे मी कानांवर हात दाबले. तिनं मात्र बसूनच बाकावर तळहात टेकले, डोळे मिटले. ओठ हलत होते, गालांवरून पाणी वाहत होतं.

तिची सून माझ्याकडे वाकून म्हणाली, "मावशी, आईंना लहानपणापासून ऐकू नाही येत. आंबिवलीला आमच्या चर्चमध्ये पेटीच आहे ना, तिथे त्या नुसत्या बसून असायच्या. इथे ड्रम कळतो त्यांना, लाकडातून."

खरं सांगते, मला आधी वाईटच वाटलं. जिच्यासाठी मी देवाशी भांडत होते, ती ह्यांची पेटी या बाईपर्यंत कधी पोचलीच नसती. तेवढ्यात तिनं मला खाली बसवलं, माझा हात कानावरून काढून आपल्या हाताखाली बाकावर धरला. लाकूड थरथरत होतं. त्या गोंगाटात माझ्या तोंडून ह्यांचं नाव निघालं, मग प्रभूचं, मग इतके महिने आत साचलेलं सगळंच. किती वेळ रडले, कुणास ठाऊक.

ड्रम मला अजूनही आवडत नाही. घरी आल्यावर डोकेदुखीची गोळी घ्यावी लागते. पण कसं यायचं ते आता मी प्रभूला सांगत नाही. मला नको असलेल्या वाटेनं तो आला आणि मी त्याला परत पाठवलं नाही, एवढंच माझं समर्पण. त्याचे उपकार रोज मानते, कधी कधी अजून जरा रागातच.