शिट्टीला लागणारा वेळ

आई गेल्यावर मी पुण्याहून गावी, आंधळगावला आले, ती कामासकट. कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली होती, पण घरच्या नेटला ते मान्य नव्हतं. मीटिंगमध्ये माझं अर्धं वाक्य पोचायचं आणि उरलेलं गावातच राहायचं. शेवटी वरठीला स्टेशनच्या अलीकडे एक खोली भाड्याने घेतली. बाबा गावात, मी वरठीत, आणि रविवारी स्कूटीने घरी. ही सोय तात्पुरती आहे असं सगळे म्हणत होते, म्हणून मीही म्हणत होते.

त्या दिवसांत मला काही वाटत नव्हतं. दुःखसुद्धा नाही. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातल्या बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत जेवणाला किती माणसं होतील याचा अंदाज घेत होते. एक मावशी म्हणाल्या, पोरगी मोठी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग झालं होतं.

काम मात्र चालू होतं. गावात कुणी विचारलं तर मी ‘कम्प्युटरमधला बिघाड शोधते’ एवढंच सांगते, आणि मग लोक बंद पडलेले मोबाईल घेऊन येतात. खरं काम थोडं निराळं आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या सगळ्यात आतल्या भागाला कर्नल म्हणतात. डिस्क, मेमरी, नेटवर्क या सगळ्यांची कामं तोच वाटून देतो, आणि तो अडकला तर का अडकला हे सांगायला आत कुणी नसतं. म्हणून त्याच्या कोडमध्ये ठरावीक जागी नोंदीचे बिंदू ठेवावे लागतात. काम त्या जागेवरून पुढे गेलं की वेळेसकट एक छोटी नोंद पडते. हे बिंदू कुठे ठेवायचे, त्यांनी काय टिपायचं आणि काय नाही, हे मी ठरवते.

गोम अशी की नोंद घेणं हेही कामच आहे आणि त्यालाही वेळ लागतो. तेव्हा मी डिस्कचं काम मध्येच गोठण्याच्या एका बिघाडामागे होते. नोंदी चालू केल्या की बिघाड गायब, बंद केल्या की हजर. नोंदीला लागणाऱ्या त्या इवल्याशा वेळाने कामांचा क्रमच बदलत होता. त्यामुळे माझ्या रचनेचा पहिला नियम असा की ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्याला ते जाणवता कामा नये. बिंदूने कुणाला थांबवायचं नाही, कुणाची वाट पाहायची नाही. नव्या मुलांना मी हे इतक्यांदा सांगते की ती मागे माझी नक्कल करत असणार.

मग कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. येत असाल तर कळवा, नसाल तर राजीनाम्याचं बोलू, अशा गोड भाषेत. माझ्यापुढे प्रश्न एकच होता, बाबा एकटे राहू शकतील का. त्यांचा जन्म कारखान्यातल्या भट्टीवर गेला, पण स्वयंपाकघरात ते फक्त पाणी प्यायला जात. आई गेल्यावर त्यांनी भात लावायला शिकून घेतलं होतं. जेवता का असं विचारलं तर ‘बरा आहो’ म्हणायचे. हेच उत्तर त्यांनी अंगात ताप असतानाही दिलेलं आहे. शिवाय विचारलं की माणूस सावध होतो आणि मग कळायचं ते कळत नाही.

म्हणून मी विचारणं सोडलं. सकाळी त्यांच्या भाताच्या वेळेला फोन करायचा, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू आली की समजायचं, भात झाला, बाबा जेवणार. मग फोन ठेवून कामाला लागायचं. बाबांना कशाचा पत्ता नाही, मला रोजची खबर. या रचनेवर मी खूश होते, तेव्हा जितकं खूश होता येत होतं तितकी.

काही आठवड्यांनी शिट्टीला उशीर होऊ लागला. फोन लांबायला लागले. तलाव किती भरला, शेजाऱ्याचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, का अडला, विहारात कोण काय बोललं, बाबा सगळं सांगत राहायचे आणि मी हं-हं करत शिट्टीची वाट पाहायची. उशीर वाढतोय म्हणजे वाफ कुठून तरी निसटतेय, हे मी खोलीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं. झाकणाचं रबर सैल झालं असणार. मोहाडीच्या दुकानातून नवीन रबर घेतलं. पुण्याला ‘येते’ असा मेलही लिहून ठेवला. बाबा रोज जेवत होते, मग अडचण कसली?

मध्येच एक सुट्टी आली तेव्हा न सांगता घरी गेले. बाबा गॅसजवळ स्टुलावर बसले होते, हातात फोन. माझ्या फोनची वाट पाहत होते, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मी रबर दाखवलं. ते ‘राहू दे’ म्हणाले, पण मी कुकरखालचा गॅस बंद करून वाफ जाऊ दिली आणि झाकण उघडलं. आत पाणी होतं. अर्ध्याच्या वर, नुसतं पाणी. तांदळाचा दाणा नव्हता.

“बाबा, भात कुठं आहे?”

ते म्हणाले, एकट्यासाठी कोण शिजवते. चहा-टोस्ट खातात, कधी शेजारून भाजी येते. मग हा कुकर कायले, मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“शिट्टी झाली का तू फोन ठेवते,” ते म्हणाले. “पाणी जास्त टाकलं का शिट्टीले टाईम लागते.”

काय करावं ते कळेना, म्हणून मी रबर बदललं. जुनं रबर चांगलं होतं. मग तांदूळ धुतले, वरण-भात लावला, आम्ही दोघं जेवलो आणि मी वरठीला परत आले. शिट्टी वाफेची खबर देते, जेवणाची नाही. असली चूक दुसऱ्याच्या कोडमध्ये मी चहा पिता पिता पकडते. आणि ज्या बाबांना पत्ता नाही असं मी म्हणत होते, त्यांनी तर माझी सगळी रचना पहिल्या काही दिवसांतच ओळखली असणार. मला फार वाईट वाटायला हवं होतं. ते वाटण्याची वाट पाहत मी खोलीत बसून राहिले. मेल पाठवला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. मागे काही आवाज नव्हता.

“भात उतरवला आज, तुह्या फोनच्या आधीच,” बाबा म्हणाले. “आता बोल.”

इतके दिवस मी फक्त ऐकत होते, तेही त्यांचं नाही. ते फोन ठेवत नव्हते, मीही ठेवला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, तू जेवली का.

“नाही.”

“काहून?”

“भूक नाही लागत, बाबा. आई गेली तवापासून.”

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, आणि विचारलं असतं तर मीही बरी आहे म्हणाले असते.

“मंग इकडे ये,” बाबा म्हणाले. “भात आहे.”

मीटिंग सुरू व्हायची होती. तब्येत बरी नाही असं कळवलं आणि स्कूटी काढली. घरी पोचले तेव्हा बाबा पंख्याखाली बसले होते आणि चटईसमोर दोन ताटं होती. भात पार गिजगोळा, वरणात मीठ नाही. आम्ही जेवायला बसलो. पुण्याले कवा जाते, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जात नाही. नोकरीचं पुढे काय होईल ते मला माहीत नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी पातेलं माझ्याकडे सरकवलं.

“वाढू आणखी?”

हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. मला भूक लागली होती. बाबांनी भात वाढला, वर वरण घातलं, आणि माझं रडणं थांबेपर्यंत स्वतः न जेवता थांबून राहिले.