सगळीकडे अडीच मिलिमीटर

घोटावड्याच्या रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये मी काही वर्षं साहेब होतो. साहेब म्हणजे काय, तर अख्ख्या कारखान्यात एसीची खोली एकच होती, तिथं संगणक होता, आणि त्याला गरम होऊ नये म्हणून घेतलेल्या काळजीचा मला फुकटात लाभ होत होता.

दोन हजार चारच्या सुमारास मालकांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. साच्यात वितळलेलं प्लास्टिक कसं पसरेल, हे साचा बनवण्याआधीच पडद्यावर दिसायचं. मी आठवडाभराचं ट्रेनिंग घेऊन आलो. आठवडाभराच्या ट्रेनिंगनंतर माणूस जितका शहाणा असतो, तितका पुढे जन्मभर होत नाही.

काम आलं मिक्सरच्या भांड्याच्या मुठीचं. मूठ म्हणजे कडीच. प्लास्टिक एका जागेतून साच्यात शिरतं, दोन वाटांनी निघतं आणि पलीकडे एकमेकांना भेटतं. भेटतं तिथं सांधा राहतो आणि वस्तू तुटली तर तिथंच तुटते. तो सांधा निरुपद्रवी जागी न्यायचा, एवढंच माझं काम. पडद्यावर निळ्यापासून लालपर्यंत रंग धावले आणि सांधा अगदी वर, स्क्रूपाशी जाऊन बसला. मी प्रिंट काढून भिंतीला लावली.

मशीनवर सेटर, म्हणजे तापमान, वेग, दाब जुळवणारे, होते एक मामा. तिथल्याच गावचे, घरी भावाची मेंढरं, यांचं आयुष्य मात्र मशीनपुढे उभं राहण्यात गेलेलं. मालकांनी त्यांना या कामानंतर सुपरवायझर करायचं कबूल केलं होतं. "गुडघं लई कुरकुरत्यात, साहेब," ते म्हणायचे, "आता बसून वरडायची पाळी माझी."

त्यांनी गिऱ्हाइकाची नमुन्याची मूठ हातात फिरवली, माझी प्रिंट पाहिली.

"साहेब, भांड्याकडची ही बाजू जाड हाय. माल आदी हिकडनं पळंल. जोड आंगठ्याखाली येनार बगा. मेंढरं बी रुंद वाटंनंच आदी पळत्यात."

"मामा, इथं मेंढ्या नाहीत. समीकरणं आहेत," मी म्हणालो. खोलीतले दोघं हसले. मला फार बरं वाटलं.

माझ्या चित्राप्रमाणे साचा तयार झाला. ट्रायलला मामांनी माल थोडा थोडा वाढवत अर्धवट मुठी काढल्या आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. प्लास्टिकच्या दोन जिभा प्रत्येक मुठीत एकमेकींजवळ सरकत होत्या. शेवटच्या मुठीत त्या भेटल्या. अंगठ्याखाली.

मालकांनी मूठ वाकवली. कट्‌कन तुटली. "काय रे, चुकलं कोण? सॉफ्टवेअर का मशीन?"

"सेटिंग असणार," मी म्हणालो. इतक्या पटकन, की मलाच नवल वाटलं.

मग मामांनी तापमान वाढवलं, कमी केलं, वेग बदलला, दाब बदलला. सकाळी नऊपासून. मी खोलीत येऊन फाइल उघडली. भाग किती जाड आहे, हे प्रत्येक ठिकाणी आपणच भरायचं असतं. मी सगळीकडे अडीच मिलिमीटर भरून मोकळा झालो होतो. भांड्याकडची बाजू चार होती. आकडा बदलला, पुन्हा चालवलं. सांधा अंगठ्याखाली. टेबलावरच्या ओळीचा जणू फोटोच.

तेव्हा साडेअकरा वाजले होते. काचेतून मामा दिसत होते, शर्ट पाठीला चिकटलेला. मी डबा खाल्ला. भेंडी होती, हेही आठवतं.

दोन दिवसांनी मी 'सखोल विश्लेषण' म्हणून तेच चित्र मालकांपुढे ठेवलं, माल शिरण्याची जागा बदलायला सांगितली, टूलरूमनं साचा दुरुस्त केला आणि मूठ मजबूत निघाली. माझी पाठ थोपटली गेली. मामांबद्दल मालक म्हणाले, "दोन दिवस नुसतं चाचपडत होते. सुपरवायझर बाहेरूनच बघू."

आठवड्यानं मामा खोलीच्या दारात आले. चपला काढून. मी एकटाच होतो.

"साहेब, खरं सांगा. तुमास्नी कळलं कवा?"

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. "पहिल्याच दिवशी. जेवायच्या आधी."

"आन् मी दुसऱ्या दिसाच्या पाचपतुर नॉबं फिरवीत होतो," ते म्हणाले. त्यांना हसूच आलं. शिवी दिली असती तर निभावलं असतं. "ऱ्हाऊ द्या. फकस्त मालकास्नी येकदा सांगा. अजून मानूस ठरला न्हाई."

"आत्ता सांगतो," म्हणून मी उठलो. खरंच सांगायला उठलो होतो. मालकांच्या केबिनपर्यंतची चाळीस पावलं मी वाक्य जुळवलं: साहेब, जाडी मी चुकीची भरली, मामा पहिल्यापासून बरोबर होते. मालकांनी फोन ठेवला. "बोल."

"शनिवारची सुट्टी हवी होती," मी म्हणालो.

"घे की."

बाहेर आलो. मामा मशीनपाशी उभे होते, नजर माझ्यावर. इतक्या आवाजात विचारणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी नुसती हनुवटी उचलली: सांगितलं?

मी मान डोलावली. हो.

मामांनी हातमोजा काढला आणि मला दोन्ही हातांनी नमस्कार केला.