नगरसेवकांचा खांदा

आमच्या नगरसेवकांचं वसईवर इतकं प्रेम की त्यांच्या खांद्याशिवाय गावात कुणाची मयत हलत नाही. लग्नाला उशिरा येतील, पण मयतीला नातेवाइकांच्या आधी हजर. आम्हा ख्रिस्ती लोकांकडे आले की क्रूसाची खूणही करतात, फक्त डाव्या हाताने.

पप्पा गेले तेव्हा शवपेटीला पुढून त्यांचाच खांदा होता. चर्चच्या रस्त्यावर त्यांच्या नावाची उद्घाटनाची पाटी आहे. नेमका तिथेच त्यांचा पाय खड्ड्यात गेला आणि पेटी कलंडली. आम्ही ती कशीबशी सावरली.

ते दम खात मला हळूच म्हणाले, "अरे, काय रस्ता आहे हा. कोणीतरी तक्रार करायला पाहिजे."

तक्रार करणारा गावात एकच माणूस होता, आणि तो आत्ता त्यांच्या खांद्यावर होता.